आगाऊ विश्वास : ‘सायबरपंक २०७७’ची आठ वर्षं

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरचा बाजार भरायचा आणि तिथे परदेशी गेम्सची मोठी उलाढाल व्हायची. कम्युनिस्ट राजवट नुकतीच गेली होती. लोकांना बाहेरच्या जगातलं सगळं हवं होतं आणि सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा कायदा अजून व्हायचा होता. त्यामुळे विकला जाणारा बहुतेक माल नकली असायचा. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की हे दोन शाळासोबती याच बाजारात गेम विकत. १९९४मध्ये पोलंडमध्ये कॉपीराइटचा नवा कायदा आला. त्याच वर्षी दोघांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली.

अस्सल माल विकायचा, तर शेजारच्या टपरीवर तोच गेम कितीतरी स्वस्तात मिळतोय, ही त्यांची पहिली अडचण. १९९९मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ हा गेम पोलंडमध्ये आणताना त्यांनी त्यावर उपाय काढला. अख्खा गेम पोलिश भाषेत केला, पात्रांना नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज दिले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली. नकली सीडीबरोबर यातलं काही मिळणार नव्हतं. लोकांनी पूर्ण पैसे मोजून अस्सल खोका घेतला. गिऱ्हाइकाचा मान राखला तर ते चोरीचा माल सोडून आपल्याकडे येतं, यावर कंपनीचा पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

२००७मध्ये कंपनीने स्वतः बनवलेला पहिला गेम आला, ‘द विचर’. आन्द्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवर तो बेतलेला होता. २०११मध्ये दुसरा भाग आला आणि पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी बराक ओबामांना दिलेल्या भेटवस्तूंमध्ये त्याची प्रत होती. २०१५च्या तिसऱ्या भागाने कंपनीला जगातल्या अव्वल स्टुडिओंच्या रांगेत बसवलं. इतर कंपन्या छोट्या-मोठ्या भरीसाठी वेगळे पैसे घेत होत्या, तेव्हा या कंपनीने असे १६ जोड फुकट दिले. पुढे जे झालं ते याच नावलौकिकाच्या जोरावर झालं. खेळाडूंनी या कंपनीवर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याला वीस वर्षांच्या सचोटीचा आधार होता.

मे २०१२मध्ये कंपनीने पुढचा मोठा गेम जाहीर केला. माइक पाँडस्मिथ या अमेरिकन खेळरचनाकाराच्या ‘सायबरपंक’वर तो आधारलेला असणार होता. पाँडस्मिथ यांचा १९८८चा मूळ खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा. त्यातलं भविष्य काळोखं आहे : सरकारं दुबळी, कंपन्या सर्वसत्ताधीश आणि माणसांच्या शरीरात विकत घेतलेली यंत्रं. १० जानेवारी २०१३ रोजी पहिला ट्रेलर आला. हवेत थबकलेल्या गोळ्या, हातांतून धारदार पाती निघालेली एक तरुणी, तिला घेरलेले पोलीस. शेवटी तारीख नव्हती. तयार झाल्यावर येईल, एवढंच लिहिलं होतं.

ते वाक्य प्रामाणिक होतं, पण त्याच्यामागे अजून गेम उभा नव्हता. ‘द विचर ३’ बाजारात यायला दोन वर्षं होती आणि त्याची शेवटची मोठी पुरवणी मे २०१६मध्ये निघाली. ब्लूमबर्गचे पत्रकार जेसन श्रायर यांनी स्टुडिओतल्या अनेक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून नंतर जो वृत्तांत लिहिला, त्यानुसार ‘सायबरपंक’चं पूर्ण ताकदीचं काम २०१६च्या अखेरीस सुरू झालं. ट्रेलर पाहून लोक वाट पाहू लागले, त्याला तोवर जवळपास चार वर्षं झाली होती.

वाट पाहणारं मन रिकामं बसत नाही. कोणाला गेममधल्या शहरात प्रत्येक दार उघडता येईल असं वाटलं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला स्वतःचा दिनक्रम असेल, असं दुसऱ्याने धरून चाललं. तिसऱ्याने आपल्या प्रत्येक निर्णयाने गोष्ट बदलेल असं मानलं. मुलाखतींतल्या एकेका वाक्यावर तासन् तास चर्चा रंगल्या. हाइपचं बळ इथेच असतं. कंपनीला सगळं बोलून दाखवावं लागत नाही, अर्धं वचन ती देते आणि उरलेलं ऐकणारा स्वतःच पूर्ण करतो. पुढे हिशोब मात्र पूर्ण वचनाचा मागितला जातो.

जून २०१८मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ या गेम-प्रदर्शनात नवा ट्रेलर झळकला. बंद दाराआड पत्रकारांना प्रत्यक्ष खेळाचा नमुना दाखवला गेला आणि ऑगस्टच्या अखेरीस तोच ४८ मिनिटांचा नमुना सर्वांसाठी खुला झाला. काम चालू आहे, हे अंतिम रूप नव्हे, अशी सूचना त्यावर होती. ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिलं ते नाइट सिटी हे गेममधलं गजबजलेलं शहर. श्रायर यांच्या वृत्तांतात कर्मचाऱ्यांनी सांगितलं की तो नमुना जवळजवळ संपूर्णपणे देखावा होता. त्यात दिसणाऱ्या अनेक गोष्टींमागची खरी यंत्रणा तेव्हा लिहूनही झाली नव्हती. स्टुडिओचे प्रमुख अडम बादोव्स्की यांनी हा आरोप नाकारला. प्रकाशनाच्या दोन वर्षं आधीचा नमुना म्हणजे कल्पनेची चाचणीच असते, म्हणून त्याला खोटा म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा मान्य केला तरी प्रश्न उरतो. कल्पनेची चाचणी पाहून लोक खरेदीचा निर्णय घेणार असतील, तर ती पक्का माल म्हणून डोळ्यांत भरणार नाही याची काळजी कोणी घ्यायची?

९ जून २०१९. पुन्हा लॉस एंजेलिस, मायक्रोसॉफ्टचा कार्यक्रम. ट्रेलरच्या शेवटी कियानू रीव्ह्ज पडद्यावर दिसले आणि पाठोपाठ धुरातून चालत ते स्वतः मंचावर आले. सभागृह दणाणून गेलं. प्रेक्षकांतून एकाने ओरडून त्यांची तारीफ केली, त्यांनी ती तिथल्या तिथे सगळ्या प्रेक्षकांना परत केली आणि तो क्षण काही तासांत जगभर पोहोचला. मग तारीख जाहीर झाली : १६ एप्रिल २०२०. त्याच दिवशी प्री-ऑर्डरही सुरू झाली. ही तारीख ऐकून स्टुडिओतले काही जण चक्रावले. त्यांच्या अंदाजाने गेम २०२२पर्यंत तयार होणार नव्हता. गेम बनत असतानाच तो चालवणारं इंजिनही घडत होतं. धावत्या गाडीपुढे रूळ टाकत जावेत तसं ते काम असल्याचं एकाने श्रायर यांना सांगितलं.

प्री-ऑर्डरची पद्धत दुकानांच्या काळातली. खोकी मोजकी यायची, आधी नाव नोंदवलं नाही तर पहिल्या आठवड्यात हात हलवत परतावं लागायचं. इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या गेमचा साठा कधीच संपत नाही. तिथे आगाऊ पैसे भरून खेळाडूला फार तर एखादा जास्तीचा पोशाख मिळतो. विकणाऱ्याला मात्र माल पारखला जाण्याआधी पैसे मिळतात. हा व्यवहार विश्वासावर चालतो आणि सीडी प्रोजेक्टकडे विश्वासाची कमतरता नव्हती.

जानेवारी २०२०मध्ये तारीख १७ सप्टेंबरवर गेली, जूनमध्ये १९ नोव्हेंबरवर. मधल्या काळात कोरोनाची साथ आली आणि स्टुडिओचं काम घरांतून चालू लागलं. तरी शेअर बाजार खूश होता. मे २०२०मध्ये कंपनीचं मूल्य फ्रान्सच्या युबिसॉफ्टलाही मागे टाकून गेलं. वॉर्साच्या बाजारात सीडी विकणाऱ्या दोन मुलांची कंपनी युरोपातली सर्वांत मौल्यवान गेम कंपनी झाली होती. या मूल्याचा मोठा भाग अजून न आलेल्या एका गेमवर उभा होता.

प्रकाशनाआधीचे काही महिने दिवसरात्र राबण्याला या धंद्यात ‘क्रंच’ म्हणतात. इविन्स्की यांनी २०१९मध्ये सांगितलं होतं की आपण कोणावर त्याची सक्ती करणार नाही. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस ब्लूमबर्गने बातमी दिली की कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करणं बंधनकारक केलंय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम ‘गोल्ड’ झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे डिस्क छापायला पाठवण्याजोगी प्रत तयार झाली. आता तारीख हलणार नाही, असा याचा रूढ अर्थ. पण २७ ऑक्टोबरला ती तिसऱ्यांदा हलली : १० डिसेंबर. वेगवेगळ्या यंत्रांसाठी नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासाव्या लागतायत, असं कारण देण्यात आलं. तीन आठवड्यांच्या या विलंबावरून स्टुडिओतल्या लोकांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्यांच्या कामावर एवढं प्रेम असल्याचं म्हटलं जात होतं, त्याच माणसांना हे ऐकावं लागलं.

त्या नऊ आवृत्त्यांमध्येच खरी मेख होती. जानेवारी २०१३मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा सोनीचं प्लेस्टेशन ४ हे कन्सोल जाहीरही झालं नव्हतं, आणि गेम तयार होईतो त्याचा जमाना संपत आला होता. नाइट सिटीसारखं दाट शहर एकाच वेळी यंत्राच्या स्मृतीत मावत नाही. खेळाडू जसा पुढे जातो तशा समोरच्या इमारती, गाड्या, माणसं डिस्कवरून सतत आणत राहावं लागतं. महागड्या कॉम्प्युटरला आणि नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या नव्या कन्सोलना ते जमत होतं. सात वर्षांपूर्वीच्या कन्सोलमधल्या संथ हार्ड डिस्कला ते झेपत नव्हतं. तरी नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीचे सहप्रमुख अडम किचिन्स्की यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की एवढ्या मोठ्या जगाच्या मानाने जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो.

हे खरं की खोटं, ते तपासायला समीक्षक होते. पण प्रकाशनाआधी त्यांना फक्त कॉम्प्युटरची आवृत्ती मिळाली. स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायलाही मनाई होती, फक्त कंपनीने पुरवलेलीच दाखवता येत होती. सुरुवातीच्या परीक्षणांची सरासरी शंभरात ९०च्या आसपास आली. एका समीक्षिकेने १०पैकी ७ गुण दिले, तर तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. गेममधल्या झगमगत्या प्रकाशामुळे दुसऱ्या एका समीक्षिकेला अपस्माराचा झटका आला. त्या आजाराच्या लोकांना सावध करणारा लेख तिने लिहिला, तेव्हा काहींनी तिला मुद्दाम तसेच लखलखणारे व्हिडिओ पाठवले. गेम अजून विकायलाही आला नव्हता. जो गेम स्वतः खेळलेला नाही, त्याच्या बचावासाठी माणसं इतक्या क्रूरपणे वागली. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट हीच. आठ वर्षांच्या वाट पाहण्याने त्यांच्यासाठी हा गेम अस्मितेचा प्रश्न करून टाकला होता.

१० डिसेंबर २०२० रोजी गेम आला तेव्हा ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. स्टीम या दुकानावर एकाच वेळी १० लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. कंपनीने जाहीर केलं की बनवण्याचा आणि जाहिरातीचा खर्च फक्त डिजिटल प्री-ऑर्डरमधूनच वसूल झाला आहे.

आणि मग जुन्या कन्सोलवरच्या खेळाडूंनी स्वतः टिपलेली दृश्यं बाहेर येऊ लागली. चेहरे चिखलासारखे धूसर. रस्ते ओस. माणसं हात पसरून जागच्या जागी ताठ उभी. सेकंदाला ३० चित्रं दिसायला हवीत, तिथे संख्या २०च्याही खाली घसरत होती. गेम अधूनमधून आपोआप बंद पडत होता. भारतातल्या खेळाडूंची आणखी एक अडचण होती. प्लेस्टेशन ५ इथे अधिकृतपणे २ फेब्रुवारी २०२१ला आलं. डिसेंबरमध्ये इथल्या प्लेस्टेशनवाल्याला जुनं यंत्र हाच एक मार्ग होता.

१४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली. जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवायला हवा होता हे मान्य केलं आणि पैसे परत मागता येतील असं सांगितलं. त्याच दिवशी गुंतवणूकदारांशी बोलताना व्यवस्थापनाने कबुली दिली की जुन्या कन्सोलसाठी आणखी वेळ हवा असल्याच्या खुणांकडे आपण दुर्लक्ष केलं. पण प्लेस्टेशनवरच्या डिजिटल प्रतीचे पैसे परत करणं सोनीच्या हातात होतं आणि एकदा गेम उतरवून घेतला की पैसे परत देण्याचा सोनीचा नियम नव्हता. काही दिवस लोक या दारावरून त्या दारावर हिंडले. १८ डिसेंबरला सोनीने सर्वांना पूर्ण परतावा देऊ केला आणि गेम आपल्या दुकानातून काढूनच टाकला. तो परतला २१ जून २०२१ला, प्लेस्टेशन ४वर अजूनही अडचणी येऊ शकतात अशा इशाऱ्यासह. डिसेंबरच्या त्या दोन आठवड्यांत शेअरची किंमत एक तृतीयांशाहून अधिक घसरली. अमेरिकेत गुंतवणूकदारांनी दावे लावले, ते वर्षभराने १८ लाख ५० हजार डॉलरवर मिटले.

तरीही २०२० संपलं तेव्हा १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या.

हाइपने फसवण्याची गोष्ट नवी नाही. १९८२मध्ये अमेरिकेच्या अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटाच्या नावावर सुमारे पाच आठवड्यांत एक गेम उरकला. चित्रपटाची हवा एवढी होती की जवळपास ४० लाख कार्ट्रिज तयार करून ठेवली. नाताळात काही खपली, मग गेम वाईट असल्याची बातमी तोंडोतोंडी पसरली आणि उरलेली दुकानांतून परत आली. १९८३मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दोच्या कचराभूमीत पुरला गेला. तेव्हा खोट्या हवेची किंमत कंपनीने मोजली, कारण माल आधी बनवायचा आणि मग विकायचा होता. २०२०मध्ये क्रम उलटला होता. पैसे आधी आले होते, माल नंतर पोहोचला. चुकीचा भार बनवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकला. चाळीस वर्षांत झालेला हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सीडी प्रोजेक्टने काम सोडून दिलं नाही, हे सांगायलाच हवं. फेब्रुवारी २०२२मध्ये १.५ हा मोठा पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा संच, आला आणि त्याबरोबर नव्या कन्सोलची खास आवृत्ती, जुन्या गिऱ्हाइकांना विनामूल्य. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच गेमच्या जगावर बेतलेली ‘एजरनर्स’ ही अॅनिमे मालिका गाजली आणि लोक पुन्हा नाइट सिटीकडे वळले. २१ सप्टेंबर २०२३ला २.० हा पॅच आला. पोलीस, गाड्या, पात्राची कौशल्यं, सगळं नव्याने घडवलं होतं. पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ ही पुरवणी आली, तिचं मनापासून कौतुक झालं. ऑक्टोबर २०२३पर्यंत २ कोटी ५० लाख प्रती विकल्या गेल्या. आज हा गेम चांगला आहे आणि त्यामागे शेकडो माणसांचे तीन वर्षांचे कष्ट आहेत.

मात्र २.० आणि ‘फँटम लिबर्टी’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलेच नाहीत. सप्टेंबर २०२२चा १.६ हा तिथला शेवटचा मोठा पॅच. ज्यांनी सर्वांत आधी विश्वास टाकला आणि सर्वांत वाईट प्रत मिळवली, त्यांना सुधारलेला गेम हवा असेल तर आधी नवं कन्सोल विकत घ्यावं लागलं. या गोष्टीचा शेवट गोड झाला असं सांगितलं जातं, तेव्हा ही माणसं हिशोबात धरलेली नसतात. स्टुडिओतली माणसंही नसतात. नेमून दिलेली तारीख त्यांना अशक्य वाटत होती. ती पाळायला सहा-सहा दिवस राबले तेच, आणि शिव्या-धमक्याही त्यांच्याच वाट्याला आल्या.

उत्सुकता वाईट नाही. चांगल्या गेमची वाट पाहण्यात निखळ आनंद आहे. तो घ्यावा, मित्रांबरोबर ट्रेलर पाहावेत, गप्पा माराव्यात. फक्त पैसे त्या आनंदापासून वेगळे ठेवावेत. एवढी पत कमावलेली कंपनी हे करू शकली, तर नुसत्या नावावर कोणाच्याही हाती आगाऊ रक्कम देऊ नये. समीक्षकांना एखादी आवृत्ती दिली नसेल, तर तेच त्या आवृत्तीचं परीक्षण समजावं. आपल्याकडे जे यंत्र आहे, त्याच यंत्रावर तो गेम दुसऱ्या कोणी खेळताना दोन तास बघावा आणि मगच खिशात हात घालावा. साठा संपणार नाही. दोन आठवडे थांबल्याने खेळणाऱ्याचं काहीच बुडत नाही, आणि गेम पुरा करूनच विकावा अशी सक्ती बनवणाऱ्यावर आणण्याचं तेवढं एकच साधन आपल्या हातात उरलं आहे.